नव्वद दिवसांची नोटीस कायदेशीर असेल, पण त्याआधीच्या सहा महिन्यांचं काय?

व्हीएमसीवाला | ९ जून २०२५, रात्री १०.४०

नमस्कार. एरवी मी वाचनमात्र असतो. आज लिहितोय, कारण महिना झाला धड झोप नाही, आणि घरात सांगावं तर त्यांचीही उडेल.

बेळगावात उद्यमबागेत माझं मशीनशॉप आहे. अकरा माणसं, दोन व्हीएमसी (धातू कोरणारी, संगणकावर चालणारी मशीन). हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडीचं मशीनिंग करतो. कास्टिंग, म्हणजे ओतीव कच्चा भाग, इथल्याच फाउंड्रीतून माझ्या पैशाने घेतो आणि तयार माल पुण्याकडच्या एका कंपनीला देतो. नाव लिहिणार नाही. माझ्या धंद्यातला सत्तर टक्के माल त्यांचाच होता.

करार एप्रिल २०२२ चा, पाच वर्षांचा, म्हणजे मार्च २०२७ पर्यंत. इंग्रजीत, सतरा पानं. त्यात एक कलम आहे की दोघांपैकी कुणीही नव्वद दिवसांची लेखी नोटीस देऊन, कारण न सांगता, करार संपवू शकतो. सही करताना ते मी वाचलं होतं. कुणी लपवलं, फसवून सही घेतली, असं मी म्हणणार नाही.

आता पुढचं तारखांसकट सांगतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांच्या खरेदी विभागाने सांगितलं, जानेवारीपासून महिन्याला ३,००० ऐवजी ५,००० नग लागतील, क्षमता वाढवा. मी ३८ लाखांचं कर्ज काढून दुसरं व्हीएमसी घेतलं. महिना ८१ हजारांचा हप्ता. नवीन फिक्स्चरचे, म्हणजे मशीनवर कास्टिंग पकडून ठेवणाऱ्या साधनाचे, २ लाख ४० हजार वेगळे. ते त्या फिक्स्चरवरच्या नगामागे ८ रुपयांप्रमाणे ३०,००० नगांत वसूल व्हायचे ठरले.

१० जानेवारी २०२५ ला त्यांचे साहेब स्वतः बेळगावला आले. मशीन बघितलं, आमच्या घरी जेवले. आईने जाताना कुंद्याचा डबा दिला. त्याच दुपारी त्यांनी दर सहा टक्क्यांनी कमी करून मागितला. "पुढची दोन वर्षं व्हॉल्यूम तुमच्याकडेच आहे, मग एवढं करायला काय हरकत आहे?" ६४० चा नग मी ६०१.६० ला द्यायला तयार झालो. दुरुस्तीपत्रावर सही केली, १ जानेवारीपासून लागू.

फेब्रुवारी, मार्च, एप्रिल या तीन महिन्यांत त्यांनी दरमहा ५,००० नग उचलले. म्हणाले, लाइन हलवायची आहे, म्हणून दोन महिन्यांचा जादा साठा हवा. आम्ही रविवारीही मशीन चालवलं. माझा एक सेटर (मशीनवर जॉब लावून देणारा) बायकोच्या बाळंतपणाला दोन दिवस उशिरा गेला, ते मला आजही लागतं.

२ मे ला ईमेलवर नोटीस आली. नव्वद दिवस. आणि त्या नव्वद दिवसांचं शेड्यूल, म्हणजे ते उचलणार ती नगसंख्या, शून्य. साठा त्यांच्याकडे होताच, मीच करून दिलेला.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे इन्सर्ट (मशीनची कापायची पाती) देणारा माणूस सहज बोलून गेला की हाच जॉब दुसऱ्या एका शॉपमध्ये नोव्हेंबर २०२४ मध्येच सँपलिंगला, म्हणजे नमुन्याचे नग करायला, लागला होता. म्हणजे ते माझ्या घरी जेवत होते तेव्हा दुसरीकडे पार्ट तयार होत होता.

माझ्याकडे आज २,२०० कच्च्या कास्टिंग पडून आहेत. मार्चच्या मालाचे १४ लाख यायचे आहेत. नोटीस द्यायचा त्यांना हक्क आहे, हे मला कळतं. मला एवढंच विचारायचं आहे: सोडून जायचा हक्क असणं आणि जायचं ठरवल्यावरही समोरच्याला अंधारात ठेवून त्याच्याकडून काढता येईल तेवढं काढून घेणं, कायदा या दोन्ही गोष्टी एकच मानतो का?


साचेकार | ९ जून, रात्री ११.२५

वाईट झालं. आमची फाउंड्री गोकुळ शिरगावला, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे. खरं एक बोलतो, राग मानू नको.

ते नव्वद दिवसांचं कलम आपल्यालाही लागतं. २०२१ मध्ये पिग आयर्न आणि स्क्रॅपचे भाव असे चढत होते की सोमवारच्या दरात शनिवारी भट्टी पेटवणं परवडत नव्हतं. आमचा एक गिऱ्हाईक दर वाढवून द्यायला तयारच नव्हता. शेवटी आम्ही हेच कलम वापरून बाहेर पडलो. ते नसतं तर तीन वर्षं तोट्यात माल ओतत बसलो असतो. त्यामुळे "लांब मुदतीचा करार मोडताच येऊ नये" असं कुणी म्हणालं तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन.

फरक एवढाच, की आम्ही त्याला दोन महिने आधी तोंडावर सांगितलं होतं, "साहेब, परवडत नाही, दर नाही वाढवला तर निघतोय."


व्हीएमसीवाला | ९ जून, रात्री ११.४०

राग कसला, दादा. तुम्ही सांगून निघालात. मला कुणी सांगितलं असतं तर मी दर कमी केला नसता, साठा करून दिला नसता, आणि जानेवारीतच दुसरं काम शोधायला लागलो असतो. एवढंच माझं म्हणणं आहे.


खोडवा | १० जून, सकाळी ६.१०

हुक्केरी तालुक्यातून. धंद्याचं मला कळत नाही, उसाचं कळतं.

ऊस लावायच्या आधी आम्ही कारखान्यात नोंद करतो. बारा-चौदा महिने पीक रानात उभं असतं. तोडणीची पाळी येते तेव्हा चिटबॉय (कारखान्याचा नोंदी बघणारा माणूस) म्हणतो, "तुझी नोंद सापडत नाही", नाहीतर तोडणीची टोळीच येत नाही. तोपर्यंत बाजूच्या कारखान्याच्या नोंदी भरलेल्या असतात. उसाला तुरा येतो, वजन उतरतं. तुला झालंय तसंच, फक्त आमचा माल घरी ठेवता येत नाही.

खरं आमच्यात एक गोष्ट सरकारने लिहून ठेवली आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे, नाही दिले तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. ते व्याज मिळवायला पुन्हा आंदोलनं करावी लागतात ही वेगळी गोष्ट, पण कागदावर आहे म्हणून मागता तरी येतं. तुमच्या धंद्यात असं काही लिहिलेलं आहे का, ते आधी बघा की अण्णा.


ताळेबंद | १० जून, सकाळी ९.३०

निपाणीत सीएची प्रॅक्टिस आहे. खोडवा यांनी अगदी नेमकं विचारलं. आहे, लिहिलेलं आहे.

तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल आणि तुम्ही सूक्ष्म किंवा लघु गटात असाल (अकरा माणसं, एवढी उलाढाल, म्हणजे असणारच), तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्याचं कलम १५ लागतं. करारात काहीही लिहिलेलं असलं तरी माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. शिवाय आयकराच्या नियमामुळे, वेळेत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत त्यांना खर्च म्हणून वजा करता येत नाही. मोठ्या कंपनीच्या फायनान्स विभागाला हे चांगलं माहीत असतं. खरेदीवाल्यांशी भांडण्यात वेळ घालवू नका, फायनान्सला पत्र लिहा.

उद्यम नोंदणी कराराच्या आधीची आहे की नंतरची, तेवढं सांगा. त्यावरून पुढे वाद होतात.


व्हीएमसीवाला | १० जून, दुपारी १.१५

नोंदणी २०२१ ची आहे. करार त्यानंतरचा.


कोर्टगल्ली | १० जून, रात्री ९.५०

बेळगावात वकिली करतो, बहुतेक व्यापारी दावे. इथे लिहितोय तो सल्ला नव्हे. कागद बघितल्याशिवाय सल्ला देता येत नाही. पण प्रश्न इतका नीट मांडलाय की उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी कडू ते सांगतो. करारात सद्भावनेने वागलंच पाहिजे असं सर्वसाधारण कर्तव्य सांगणारं कलम आपल्या १८७२ च्या करार कायद्यात नाही. जर्मनांच्या नागरी संहितेत आहे, कलम २४२. आपल्याकडे विम्यासारख्या काही करारांत ते मानतात, पुरवठ्याच्या करारात नाही. त्यामुळे "त्यांनी बदनियतीने नोटीस दिली, म्हणून नोटीस रद्द करा" हा दावा घेऊन गेलात तर पहिल्या तारखेलाच अडचणीत याल. सर्वोच्च न्यायालयाचा १९९० चा इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस हा निकाल तुमच्यासमोर ठेवतील. गॅस एजन्सीचा करार तीस दिवसांच्या नोटिशीने संपवता येत होता. कोर्ट म्हणालं, असा करार पुन्हा चालू करून देता येणार नाही, आणि भरपाई मिळेल ती त्या तीस दिवसांच्या कमाईएवढीच. तेव्हा मार्च २०२७ पर्यंतचा नफा मागायचा विचार मनातून काढा.

आता दुसरी बाजू. तुम्ही स्वतःच लिहिलंय की प्रश्न जायच्या हक्काचा नाही. अगदी याच फरकावर कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये निकाल दिला आहे, कॅलो विरुद्ध झोलिंजर. ओटावातल्या काही निवासी इमारतींचा बर्फ काढायचा दोन हिवाळ्यांचा ठेका एका छोट्या कंत्राटदाराकडे होता. दहा दिवसांच्या नोटिशीने ठेका संपवायचा हक्क इमारतवाल्यांना होता. २०१३ च्या वसंतातच त्यांनी त्याला काढायचं ठरवलं, पण सांगितलं नाही. उलट नूतनीकरण होईल असं वाटू दिलं. तो बिचारा त्या आशेवर उन्हाळाभर आवारात जास्तीची कामं फुकट करत राहिला. सप्टेंबरमध्ये नोटीस. तोवर येत्या हिवाळ्याची दुसरी कामं वाटली गेली होती.

कोर्टाने काय म्हटलं ते नीट बघा. ठेका संपवायचा हक्क आहे, तो काढून घेतला नाही. आपला बेत आपण होऊन सांगायची सक्तीही लादली नाही. मात्र तो हक्क वापरताना समोरच्याला जाणूनबुजून चुकीच्या समजुतीत ठेवलं, अर्धवट खरं बोलून, मुद्दाम तसं वागून, तर तो कराराचा भंग. आणि भरपाई कशाची? ते खरं वागले असते तर त्याला दुसरं काम धरता आलं असतं, त्याची.

हा निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही. दाखवता येतो, एवढंच. पण त्यातला विचार आपल्या कायद्यातल्या एका जुन्या दाराने आत येतो. करार कायद्याचं कलम १७, फसवणूक. जी गोष्ट खरी नाही हे माहीत आहे ती खरी म्हणून सांगणं, वस्तुस्थिती सक्रियपणे दडवणं, पाळायचा इरादा नसताना वचन देणं, हे सगळं त्यात येतं. ते कलम करारात शिरताना झालेल्या फसवणुकीबद्दल आहे. म्हणून तुमचा २०२२ चा करार विसरा. १० जानेवारीचं दुरुस्तीपत्र बघा. तो स्वतंत्र करार आहे. दर कमी करायला तुमची संमती कशावर मिळाली? "दोन वर्षं व्हॉल्यूम तुमच्याकडेच" या शब्दावर. तो शब्द देताना जायचं ठरलेलं असेल, तर कलम १९ म्हणतं की फसवला गेलेला माणूस, सांगितलेली गोष्ट खरी असती तर तो जिथे असता, तिथे त्याला आणून ठेवा असं मागू शकतो.

एक धोका मात्र आहे. कलम १७ च्या स्पष्टीकरणात म्हटलंय की नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे, बोलायचं कर्तव्य असेल किंवा ते गप्प राहणंच बोलल्यासारखं असेल, तेवढं सोडून. तेव्हा मला सांगा, ते नुसते गप्प होते, की काही बोलले? तोंडी नको. लिहून काय आहे?


जुना खरेदीवाला | ११ जून, सकाळी ७.४५

मी एकतीस वर्षं खरेदी विभागात काढली, आता निवृत्त होऊन टिळकवाडीत असतो. मी टेबलाच्या पलीकडचा माणूस आहे, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगतो.

पहिली. दुसऱ्या शॉपमध्ये सँपलिंग झालं म्हणजे तुम्हाला सोडायचं ठरलं, असं होत नाही. एकाच पुरवठादारावर पार्ट अवलंबून ठेवू नये, दुसरा तयार असावा, हा कुठल्याही कंपनीतला नेहमीचा नियम आहे. वकीलसाहेबांनी म्हटल्याप्रमाणे "ठरलेलं असेल तर" हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल, आणि नोव्हेंबरचं सँपल त्याला पुरणार नाही.

दुसरी. दोन महिन्यांचा जादा साठा मात्र बोलका आहे. लाइन हलवायची असेल तर आठ-पंधरा दिवसांचा साठा मागतात. दोन महिन्यांचा साठा पुरवठादार बदलताना करतात, कारण नवीन शॉपमध्ये पहिले दोन महिने रिजेक्शन येतं आणि जुना माणूस रागाने हात आखडता घेईल अशी भीती असते. मीही असा साठा करून घेतला आहे. तेव्हा वरून हुकूम असायचा, "त्याला कळू देऊ नका." मी कळू दिलं नाही. हुबळीच्या एका माणसाच्या बाबतीत ते केलं, त्याने नंतर मला लग्नाला बोलावलं होतं. मी गेलो नाही, जाववलं नाही.

खरं तर हे करायचा सरळ रस्ता असतो. पुरवठादाराला सांगायचं की आम्ही जातोय, सहा महिने लागतील, तोवर दर तोच ठेवतो, तुझा कच्चा माल आणि टूलिंग आम्ही घेतो, शेवटचा नग नीट गेला की अमुक एवढे जास्तीचे देऊ. दोनदा मी वरिष्ठांशी भांडून तसं केलं. दोन्ही वेळा शेवटपर्यंत माल चांगला आला.


अथणीची माहेरवाशीण | ११ जून, सकाळी १०.२०

माहेरी चपलांचा धंदा, म्हणून लिहिते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन्ही राज्यांतल्या जिल्ह्यांना मिळून. आपला बेळगाव जिल्हाही त्यात आहे. त्यानंतर बाहेरचे व्यापारी वर्षभराच्या ऑर्डरी घेऊन यायला लागले. आमच्या गटाकडून एकाने बारा महिन्यांचा माल ठरवला, सहा महिन्यांत आमचे नमुने, माप, वेणीची पद्धत सगळं बघून घेतलं आणि मग फोन उचलायचा बंद केला. कागदच नव्हता. तुमच्याकडे सतरा पानं तरी आहेत. खचू नका, दादा.


व्हीएमसीवाला | ११ जून, रात्री ११.०५

ताई, तुमचं वाचून गलबलून आलं. खरेदीवाले काका, तुम्ही लिहिलंत ते लिहायला हिंमत लागते. आभार.

वकीलसाहेब, तुमचा प्रश्न वाचून आज फोन उपसला. जानेवारीत मला थोडी शंका आली होती, ते मी विसरूनच गेलो होतो. त्यांच्याकडून कुणीतरी फिक्स्चरचं ड्रॉइंग मागितलं होतं. म्हणून ७ जानेवारीला, म्हणजे भेटीच्या तीन दिवस आधी, मी साहेबांना व्हॉट्सॲपवर विचारलं होतं: "सर, ड्रॉइंग कशासाठी? दुसरा कुणी डेव्हलप करताय का? मशीनचं कर्ज आहे, म्हणून विचारतो."

उत्तर आलेलं आहे: "अहो तसं काही नाही. रेकॉर्डसाठी हवंय. निर्धास्त राहा, हा पार्ट तुमचाच."

हे वाचून मी बराच वेळ शॉपच्या पायरीवर बसून होतो.


कोर्टगल्ली | ११ जून, रात्री ११.५०

आता हे प्रकरण वेगळं झालं. तुम्ही सरळ विचारलंत, कशासाठी विचारता तेही सांगितलंत, आणि उत्तर आलं. इथे ते गप्प राहिलेले नाहीत. "दुसरा कुणी नाही" ही वस्तुस्थितीची गोष्ट आहे, भविष्याचा अंदाज नव्हे. नोव्हेंबरमध्ये सँपलिंग झालं असेल तर ती त्या दिवशीच खोटी होती. खरेदीवाले काका म्हणतात ते बरोबर आहे, "सोडायचं ठरलं होतं" हे सिद्ध करणं कठीण. पण आता ते सिद्ध करायची तेवढी गरज उरली नाही. सँपलिंग झालं होतं, एवढं पुरे.

आणि इन्सर्टवाल्याला साक्षीला ओढू नका, त्याचं पोट दोन्हीकडे आहे. व्यापारी न्यायालयाच्या दाव्यात दोन्ही पक्षांना आपल्या ताब्यातले संबंधित कागद, स्वतःच्या विरुद्ध जाणारेसुद्धा, उघड करावे लागतात. दुसऱ्या शॉपच्या सँपलच्या मंजुरीचा कागद त्यांच्याकडे तारखेसकट असणार.

हे उद्याच करा: फोन बदलू नका, चॅट पुसू नका, स्क्रीनशॉटवर विसंबू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी मूळ फोन जवळ असलेला बरा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ते १४ लाख सोडायच्या आधी "पूर्ण व अंतिम, आता काही देणं नाही" असं पत्र मागतील. त्यावर सही करू नका. केलीत तर बाकीचं सगळं त्या एका सहीत बुडेल.


साचेकार | १२ जून, सकाळी ८.३०

त्यांची फिक्स्चर आणि गेज (माप तपासायची साधनं) तुझ्याकडेच असतील की. अडकवून ठेव. पार्ट नवीन शॉपला चालू होईना झाला की येतील धावत.


कोर्टगल्ली | १२ जून, दुपारी २.००

दादा, हे नको. ज्या मालावर आपण मजुरी केली तो माल, मजुरी मिळेपर्यंत ठेवून घ्यायचा हक्क करार कायद्याचं कलम १७० देतं, तेही करारात उलट काही नसेल तर. गेजवर यांनी काम केलेलं नाही. त्यांची वस्तू अडकवली की खोटं कोण बोललं हा विषय मागे पडतो आणि माल कुणी दाबला हा विषय पुढे येतो. आज यांची बाजू स्वच्छ आहे, ती तशीच राहू द्या. गेज यादी करून, पोच घेऊन परत करा.

दावा कुठे, हेही विचाराल. करारात पुण्याच्या कोर्टाचं अधिकारक्षेत्र लिहिलं असेल तर नुकसानीचा दावा तिकडेच. मात्र थकलेल्या बिलांसाठी एमएसएमई कायद्याच्या कलम १८ खाली आपल्या राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (थकबाकीचे वाद सोडवणारं सरकारी मंडळ) जाता येतं. खरेदीदार देशात कुठेही असो, पुरवठादार जिथला तिथलं कौन्सिल चालतं. कौन्सिलच्या निर्णयाला आव्हान द्यायचं तर कंपनीला आधी पंचाहत्तर टक्के रक्कम भरावी लागते. दोन्ही वाटा वेगळ्या ठेवा, एकत्र कालवू नका.


ताळेबंद | १२ जून, दुपारी ४.४५

आकडेही वेगळे मांडा. नुसतं "माझं नुकसान झालं" म्हणून पन्नास लाख मागितले की कुणी वाचत नाही.

मी तुमच्या लिहिण्यावरून मांडून बघितलं. जानेवारीत ३,००० आणि पुढचे तीन महिने ५,००० प्रमाणे एकूण १८,००० नग. नगामागे सवलत ३८.४० रुपये. म्हणजे ६ लाख ९१ हजार २०० रुपये. त्या एका खोट्या उत्तरामुळे गेलेला पैसा हा. मशीनचं कर्ज यात घालू नका. ते ऑगस्टमधलं, तेव्हा ते खोटं बोलत होते असं तुमच्याकडे काही नाही. नोटीस काळातल्या शून्य शेड्यूलचा भाग वकीलसाहेबांनी बघावा.


कोर्टगल्ली | १२ जून, रात्री १०.१५

शून्य शेड्यूलवर युक्तिवाद होऊ शकतो, खात्री देत नाही. करारात किमान नगसंख्या लिहिलेली नसेल तर ते म्हणतील शेड्यूल आमच्या मर्जीचं. आपण म्हणू की नव्वद दिवस दिले ते करार चालू ठेवण्यासाठी, आणि तो चालू ठेवला नाही तर ती नोटीस नावापुरती. अमृतसर गॅसचा निकाल इथे उलटा आपल्या कामाला येतो: नोटीस काळाची कमाई ही तरी मोजायची वस्तू आहे. ताळेबंद यांनी कर्ज बाजूला ठेवलं ते योग्य केलं.


खोडवा | १३ जून, सकाळी ६.००

अण्णा, एक राहिलं. तू नवीन करार करशील तेव्हा "नव्वद दिवस" यावर भांडू नकोस, ते कुणी काढणार नाही. त्याच्या खाली दोन ओळी घालून घे: नोटीस काळात मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीएवढा माल उचलायचा, आणि पडून राहिलेलं कास्टिंग त्यांनी घ्यायचं. आमच्या गावच्या दूधवाल्यांनी डेअरीशी असंच लिहून घेतलंय. आधी हसले होते सगळे.


व्हीएमसीवाला | २२ ऑगस्ट २०२५, रात्री ९.३०

दोन महिन्यांनी लिहितोय. ज्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं त्यांची उत्तरं द्यायची राहिली, माफी असावी.

जूनच्या शेवटी वकिलातर्फे नोटीस पाठवली. बदनियत, दगा, केसाने गळा कापला, असले शब्द माझ्या कच्च्या मसुद्यात होते, वकिलांनी सगळे काढले. तारखा ठेवल्या. ७ जानेवारीचा प्रश्न, त्याचं उत्तर, १० जानेवारीची सही, तीन महिन्यांत करून दिलेला जादा साठा, २ मे. दीड पान. सोबत फायनान्सला कलम १५ आणि १६ चं वेगळं पत्र.

फायनान्सकडून नऊ दिवसांत १४ लाख आले. व्याज नाही आलं, त्याचा अर्ज कौन्सिलकडे केला आहे. जुलैत पुण्याला बोलावलं. ते साहेब बैठकीत नव्हते. दुसऱ्या बाई होत्या, त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. २,२०० कास्टिंग मशीनिंग करून द्या, ६४० च्या जुन्या दराने उचलतो, आणि फिक्स्चरचे राहिलेले १९,००० नगांचे १ लाख ५२ हजार देतो, असं त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिलं. ते झालंही, मागच्या आठवड्यात शेवटची गाडी गेली.

६ लाख ९१ हजारांचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, ते आमच्या अधिकारात नाही. पूर्ण व अंतिमचं पत्र पुढे केलं. मी सही केली नाही. हात थरथरत होता, पण नाही केली. आता दाव्याआधीच्या मध्यस्थीचा अर्ज झाला आहे; व्यापारी दाव्याला ती पायरी आधी लागतेच, असं वकील म्हणाले. पुढची तारीख सप्टेंबरात.

त्या बाई निघताना लिफ्टपाशी म्हणाल्या, "तो मेसेज तुम्ही जपून ठेवलात हे बरं केलंत." त्या कंपनीत खरं बोलणारं माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटलं.

अकरातले दोघं दुसरीकडे गेले. मी थांबवलं नाही, थांबवायला काही नव्हतं. सेटर आहे. मुलगी झाली त्याला.

नवीन व्हीएमसी सध्या एकच शिफ्ट चालतं. चौथा ॲक्सिस आहे, टेबल आठशेचं. मच्छे, होनगा, शिरोली, कुठेही कुणाकडे काम असेल तर व्यनि करा.


साचेकार | २२ ऑगस्ट, रात्री १०.०५

माझ्याकडे गिअरबॉक्स हाउसिंगचा एक जॉब आहे, महिना ६०० नग. आमचा मशीनिंगवाला वेळेत देत नाही. त्याला मी आजच फोन करून सांगितलंय की दुसरा बघतोय, ऑक्टोबरपर्यंत त्याचंच काम चालू राहील. सोमवारी ये, ड्रॉइंग देतो. त्या दोन ओळी पण लिहून आण, मी सही करतो.